चित्रपटातले नौदल गणवेश खरे किती, बनावट किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडद्यावरचा नौदल गणवेश बरोबर आहे की नाही, हे ताडायला सुरुवात कुठून करावी?

आधी दोन गोष्टी ठरवा: कथा कोणत्या सालात घडते आणि प्रसंग कोणता आहे. बटणं, फिती, टोप्या नंतर.

गणवेश हुकमाने ठरतो आणि हुकमाला तारीख असते. ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांचा कोट १७४८ मध्ये आला आणि पुढे १७६७, १७८७, १७९५, १८१२ असा बदलत गेला. यातली बहुतेक रूपं लांबून सारखीच वाटतात: निळं कापड, सोनेरी जर, पांढरी विजार. त्यामुळे चित्रपटातली चूक सहसा शतकाची नसते, दहा-पंधरा वर्षांची असते. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत (ब्रिटिश विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश आरमार) १८१२ नंतरचा कोट, ही अगदी नेहमीची गफलत.

प्रसंगाचं म्हणाल, तर अधिकाऱ्याकडे समारंभाचा पोशाख वेगळा आणि रोजचा वेगळा असे. वादळात डोलकाठी मोडते आहे आणि कप्तान मात्र राजदरबारात निघाल्यासारखा जरीने मढलेला, असं दिसलं तर कोट सालाप्रमाणे बरोबर असूनही दृश्य चूकच.

१७४८ च्या आधी ब्रिटिश नौदलाला गणवेश नव्हता?

नव्हता. अधिकारी आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे कपडे शिवून घेत. लॉर्ड अ‍ॅन्सनच्या पुढाकाराने १७४८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी पहिले नियम आले. राजाने बेडफर्डच्या डचेसला निळ्या-पांढऱ्या घोडेस्वारीच्या पोशाखात पाहिलं आणि रंग ठरला, अशी एक आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

या एका तारखेने चाच्यांवरचे कितीतरी चित्रपट अडचणीत येतात. कॅरिबियन चाच्यांचा प्रसिद्ध काळ साधारण १७१५ ते १७२५ चा. त्यांचा पाठलाग करणारे निळ्या कोटातले, एकसारख्या जरीचे ब्रिटिश अधिकारी ही निव्वळ कल्पना आहे.

आपल्याकडच्या कथांनाही हाच नियम लागू होतो. १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूजची जहाजं पोर्तुगीजांच्या साथीने कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून आली, तेव्हा त्या जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना ठरलेला गणवेश नव्हता. १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनने कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला, तोवर तो आलेला होता. म्हणजे कान्होजींच्या कथेत इंग्रज अधिकारी वेगवेगळ्या रंगांच्या नागरी कोटांत हवेत आणि तुळाजींच्या कथेत निळ्या-पांढऱ्या गणवेशात. वडील-मुलाच्या दोन पिढ्यांत एवढा फरक पडतो, आणि कपडेपटाने तो दाखवला तर काळ सरल्याचं वेगळं सांगावंही लागणार नाही.

मग मराठा आरमाराचा गणवेश कसा दाखवावा?

सगळ्या खलाशांना एकाच मापाचे, एकाच रंगाचे सदरे घालू नयेत, एवढं तर नक्की. त्या काळी जगातल्या बहुतेक आरमारांत खलाशांचा एकसारखा गणवेश ही कल्पना रुजलेली नव्हती. सरखेल, सुभेदार, तांडेल यांच्यातला फरक कापडाचा पोत, पागोटं, दागिने आणि शस्त्रं यांतून दाखवता येतो. भगव्या रंगाचा गठ्ठा मागवून शंभर जणांना वाटला की पडद्यावर छान दिसतं खरं, पण तो आजच्या मिरवणुकीचा पेहराव झाला.

खांद्यावरच्या सोनेरी झालरी म्हणजे इपॉलेट कधीपासून? यात इतक्या चुका का होतात?

कारण इपॉलेट दिसलं की प्रेक्षकाला ‘नौदल अधिकारी’ हे लगेच कळतं. दिग्दर्शकाला तेच हवं असतं.

ब्रिटिश नौदलात इपॉलेट अधिकृत झालं १७९५ मध्ये, आणि तेही सर्वांना मिळालं नाही. कप्तान होऊन तीन वर्षं झालेल्याला दोन्ही खांद्यांवर, तीन वर्षांच्या आतल्या कप्तानाला फक्त उजव्या, कमांडरला फक्त डाव्या. अ‍ॅडमिरल श्रेणीतल्यांना दोन, वर हुद्द्याप्रमाणे तारे: रिअर अ‍ॅडमिरलला एक, व्हाइस अ‍ॅडमिरलला दोन, अ‍ॅडमिरलला तीन. लेफ्टनंटला काहीच नाही; त्याला एक इपॉलेट मिळायला १८१२ उजाडलं. त्याच वर्षी कमांडरलाही दोन मिळाली आणि अधिकाऱ्यांच्या बटणावरच्या नांगरावर मुकुट आला.

ही यादी वाचायला कंटाळवाणी आहे, पण तिच्यात नाट्य ठासून भरलंय. एकाच खांद्यावर झालर असलेला तरुण कप्तान जहाजावर चढतो, तेव्हा जुन्या खलाशांना एका नजरेत कळतं की हा नवखा आहे. पटकथेत त्यासाठी दोन संवाद लिहावे लागतात. कपडेपटाला एक झालर काढून ठेवली की पुरे.

‘बाउंटी’ जहाजावरचं बंड २८ एप्रिल १७८९ चं. या घटनेवर अनेक चित्रपट निघाले. जहाजाचा प्रमुख ब्लाय तेव्हा हुद्द्याने लेफ्टनंट होता. जहाजाचा मुख्य म्हणून त्याला कॅप्टन म्हणत, एवढंच. आणि १७८९ मध्ये ब्रिटिश नौदलात इपॉलेट कुणालाच नव्हतं. तेव्हा या कथेत कुणाच्याही खांद्यावर सोनेरी झालर दिसली तर ती सहा वर्षं आधीच आली आहे, असं बेलाशक म्हणा.

एक गंमतही सांगण्यासारखी. १७८३ मध्ये नेल्सन, म्हणजे पुढे ट्रफाल्गर जिंकणारा ब्रिटिश अ‍ॅडमिरल, फ्रान्समधल्या सेंट ओमेर गावी होता. तिथे दोन ब्रिटिश कप्तान फ्रेंचांच्या पद्धतीने इपॉलेट लावून हिंडताना दिसले, तर त्याने पत्रात त्यांची छानच टवाळी केली. त्यातला एक अलेक्झांडर बॉल. पुढे हाच बॉल त्याचा जिवलग झाला आणि नेल्सनच्याही दोन्ही खांद्यांवर झालरी आल्या.

नेल्सन डोळ्यावर काळी पट्टी बांधायचा ना?

नाही. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, पण डोळा जागेवर होता आणि त्यावर पट्टी नव्हती. टोपीच्या पुढच्या बाजूला उन्हासाठी लावलेली हिरवी झापड मात्र खरी आहे. चित्रपटांना मात्र पट्टी सोडवत नाही.

त्याचा उजवा हात १७९७ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या लढाईत गेला. त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक दृश्यात उजवी बाही रिकामी आणि कोटाला टाचलेली हवी. हात कोटाच्या आत दडवल्यामुळे नटाचं पोट फुगलेलं दिसतं, ही अडचण समजण्यासारखी आहे. ती कोट नीट बेतून सोडवता येते.

ट्रफाल्गरच्या दिवशी नेल्सनने समारंभाचा पोशाख घातला होता आणि म्हणून तो टिपला गेला, हे खरं का?

२१ ऑक्टोबर १८०५ ला त्याच्या अंगात होता तो व्हाइस अ‍ॅडमिरलचा रोजचा कोट, समारंभाचा नव्हे. तो कोट आज ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे आणि डाव्या खांद्यावरचं गोळीचं भोक अजून दिसतं. छातीवर चार मानचिन्हांचे तारे होते, पण ती धातूची पदकं नव्हती. कोटावर कायमच्या शिवून टाकलेल्या भरतकामाच्या प्रतिकृती होत्या. म्हणजे त्या दिवशी तो मुद्दाम नटून आला नव्हता. त्याचा रोजचा कोटच तसा होता.

पडद्यावर सहसा काय होतं? चकाकती पदकं, पांढरं झगझगीत अस्तर, कमरेला रुंद पट्टा. खरा कोट पाहिला की साधेपणाने थक्क व्हायला होतं. त्याच्या मृत्यूचं दृश्य त्या साध्या कोटात कितीतरी परिणामकारक होईल, असं मला वाटतं.

टोपीचंही लक्षात ठेवा. नेल्सन आपली दुटोकी टोपी आडवी घाली, टोकं दोन्ही कानांवर येतील अशी. त्याच काळात पुष्कळ अधिकारी ती उभी, पुढेमागे टोकं करून घालू लागले होते. त्यामुळे एकाच दृश्यात दोन्ही तऱ्हा दिसल्या तर ती चूक नाही. उलट सगळ्यांच्या टोप्या एकाच कोनात बसलेल्या दिसल्या तर शंका घ्या.

साध्या खलाशांचा गणवेश?

ब्रिटिश नौदलात १८५७ पर्यंत नव्हताच.

त्याआधी जहाजावरच्या कोठीतून तयार कपडे विकत मिळत आणि त्यांचे पैसे पगारातून कापून घेत. निळी आखूड जाकिटं, चौकड्यांचे सदरे, सैल विजारी. पुरवठा एकाच ठिकाणचा, म्हणून एका जहाजावरचे खलाशी थोडेफार सारखे दिसत. बाकी ज्याचं त्याने शिवलेलं, ठिगळ लावलेलं, डांबराने माखलेलं. हौशी कप्तान आपल्या खाजगी होडीच्या वल्हेकऱ्यांना स्वखर्चाने सजवत. १८५३ मध्ये ‘हार्लेक्विन’ (म्हणजे विदूषक) या जहाजाच्या कप्तानाने जहाजाच्या नावाला जागून आपल्या वल्हेकऱ्यांना चक्क विदूषकाचे कपडे चढवले होते. हे चित्रपटात दाखवलं तर प्रेक्षक दिग्दर्शकाला वेड्यात काढतील, पण घडलं ते असं.

खलाशाच्या चौकोनी कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेषा म्हणजे नेल्सनचे तीन विजय, असं ऐकलंय.

ऐकीव आहे. १८५७ चा गणवेश ठरताना तीन रेषा घेतल्या गेल्या, विजयांशी त्यांचा संबंध नाही. काळा रेशमी रुमाल नेल्सनच्या सुतकाचा, हेही तसंच. खलाशी तो आधीपासून वापरत होते. आणि डांबर लावलेल्या वेणीने कोट खराब होऊ नये म्हणून मोठी कॉलर आली, ही तर उलटी गोष्ट आहे. कॉलर रूढ झाली तोवर वेण्या गेलेल्या होत्या.

फ्रेंच खलाशांच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बनियनचीही अशीच कथा सांगतात, की एकवीस पट्टे म्हणजे नेपोलियनचे एकवीस विजय. पट्टे ठरले १८५८ च्या आदेशाने. तेव्हा ट्रफाल्गरच्या फ्रेंच जहाजांवर सगळे एकसारख्या पट्टेदार बनियनमध्ये दिसले तर तो निम्म्या शतकानंतरचा पेहराव समजा. अमेरिकन खलाशांच्या विजारीची तेरा बटणं आणि तेरा मूळ वसाहती, हा किस्साही याच पंगतीत बसवा.

जहाजावर लाल कोटवाले कोण असतात? सैन्यदलाचे लोक चुकून आलेत का?

नाही, ते मरीन्स. जहाजावरचे सैनिक. ब्रिटिश मरीन्सना १८०२ मध्ये ‘रॉयल’ हा मान मिळाला, तेव्हा त्यांच्या कोटाच्या कॉलर-कफांचा रंग पांढऱ्याचा निळा झाला. १८०५ च्या कथेत लाल कोटाला पांढरे कफ दिसले तर कपडेपटाने जुना माल काढला आहे.

दाढी, मिशा आणि सलाम यांतही चुका होतात का?

भरपूर. नेल्सनच्या काळचा ब्रिटिश अधिकारी गुळगुळीत दाढी केलेला हवा. दाढी ठेवायची परवानगी १८६९ मध्ये आली, आणि नियम असा की ठेवायची तर दाढी-मिशी दोन्ही, नाहीतर काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धातला नुसती मिशी राखलेला ब्रिटिश नौदल अधिकारी म्हणजे नटाने मिशी काढायला नकार दिला, असं बहुधा समजावं.

सलामाचं तसंच. कपाळाला हात लावून खाडकन केलेला सलाम ब्रिटिश नौदलात १८९० पासूनचा. त्याआधी टोपी काढत किंवा टोपीला हात लावत. आणि नौदलाच्या सलामात तळहात समोर दिसत नाही, खाली वळलेला असतो. समोर तळहात दाखवणारा सलाम ब्रिटिश सैन्यदलाचा.

दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटात बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांत काय पाहावं?

तीन गोष्टी.

वरच्या पट्टीला वेटोळं आहे का? ब्रिटिश नौदलात ते १८५६ पासून लढाऊ शाखेच्या अधिकाऱ्यांना होतं आणि १९१८ पासून इतर शाखांनाही मिळालं.

पट्ट्या सरळ आहेत की नागमोडी? सरळ म्हणजे कायम नौदलातला, नागमोडी म्हणजे स्वयंसेवक राखीव दलातला, एकमेकांत गुंफलेल्या म्हणजे व्यापारी जहाजांवरून आलेला राखीव अधिकारी. छोट्या काफिला-रक्षक जहाजांवर युद्धकाळात नागमोडी पट्ट्यांचाच भरणा होता. वकील, कारकून, शिक्षक समुद्रावर आले होते. अशा जहाजाच्या कथेत सगळ्यांच्या बाह्यांवर सरळ पट्ट्या दिल्या की कथेचा आत्माच निघून जातो. माझ्या मते इपॉलेटच्या चुकीपेक्षा ही चूक मोठी.

पट्ट्यांच्या मधे रंग आहे का? डॉक्टरला लाल, अभियंत्याला जांभळा, हिशेबनिसाला पांढरा. कृष्णधवल चित्रपटात हे कळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून जुन्या चित्रपटांवरून नकला करणाऱ्यांनी जांभळा रंग अनेकदा गाळलेला दिसतो.

अमेरिकन नौदल म्हणजे खाकी, हे बरोबर ना?

१९४१ नंतर, हो. त्याआधी खाकी प्रामुख्याने वैमानिकांची होती. १९४१ मध्ये ती इतर अधिकाऱ्यांनाही कामाचा पोशाख म्हणून मिळाली. १९४३ मध्ये अमेरिकन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल किंग यांच्या पसंतीने करडा गणवेश आला. तो कुणालाच फारसा रुचला नाही आणि १९४९ मध्ये रद्द झाला. पडद्यावर करडा गणवेश क्वचितच दिसतो. दिसला तर कपडेपटाने अभ्यास केलाय असं समजायला हरकत नाही. आणखी एक बारकावा: अमेरिकन डेकवरच्या शाखेतल्या पेटी ऑफिसरांचं (बढती मिळालेल्या खलाशांचं) हुद्द्याचं चिन्ह १९४९ पर्यंत उजव्या बाहीवर असे. तेव्हाच्या कथेत सगळ्यांच्या डाव्या बाहीवर ते दिसलं तर चूक.

जर्मन पाणबुडीवरचे लोक ब्रिटिश जाकिटं घालून कसे? ही तर ढोबळ चूक वाटते.

चूक नाही, उलट दाद द्यावी. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटिश सैन्याचे आखूड जाकिटांचे साठे जर्मनांच्या हाती लागले आणि ते पाणबुडीच्या खलाशांना वाटले गेले. पाणबुडीतल्या ओल्या, कोंदट जागेत ती सोयीची होती.

कप्तानाची पांढरी टोपीही खरी. पाणबुडीचा कमांडर पांढऱ्या आवरणाची टोपी घाली. हा रूढ प्रघात होता. मात्र तीच टोपी चार-पाच जणांच्या डोक्यावर दिसली, तर बोटीवर कप्तान किती, असं विचारायला हवं.

भारतीय नौदलावरच्या चित्रपटांत काय तपासावं?

१९५० ही मधली रेघ धरा. नौदलाचं नाव १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही होतं, आणि स्वातंत्र्यानंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत तेच राहिलं. मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले ते प्रजासत्ताक झाल्यावर. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झालेल्या उठावाच्या दृश्यात टोपीवर सिंह दिसले तर काळ चुकला. १९४८ च्या दृश्यातही मुकुटच हवा. प्रेक्षकाला तो खटकतो, म्हणून निर्माते टाळतात. पण ते खटकणारंच त्या काळाचं सत्य आहे. तसंच, पहिले भारतीय नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कटारी १९५८ मध्ये आले. त्याआधीच्या कथेत वरच्या जागांवर ब्रिटिश चेहरे दिसणं स्वाभाविक आहे.

सर्वात जास्त घोळ होतो तो छातीवरच्या फितींचा. साधा नियम: जे पदक अजून निर्माणच झालेलं नाही, त्याची फीत लावता येत नाही. १९५९ च्या नानावटी प्रकरणातला कमांडर कारगिल काळातली फीत लावू शकत नाही. या प्रकरणावर बेतलेला एक हिंदी चित्रपट २०१६ मध्ये आला, तेव्हा माजी नौसैनिकांनी याच फितींवरून समाजमाध्यमांत बरंच सुनावलं होतं. १९७१ च्या युद्धकथेतही हाच सापळा आहे. त्या युद्धाची पदकं युद्धानंतर दिली गेली, त्यामुळे डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमच्या समुद्रात लढणाऱ्याच्या छातीवर ती असूच शकत नाहीत.

गणवेश नव्हे, पण चौकटीत नेहमी दिसतो म्हणून झेंडाही बघा. १९५० ते २००१ भारतीय नौदलाच्या ध्वजावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन २०२२ चा.

कायद्याच्या भीतीने चित्रपटवाले मुद्दाम गणवेश चुकवतात, हे खरं का?

ही समजूत फार पसरलेली आहे, आणि पटण्यासारखी नाही. ब्रिटनच्या १८९४ च्या गणवेश कायद्यात नाट्यप्रयोगांना स्पष्ट सूट आहे. अमेरिकेत नटाला गणवेश घालायची मुभा होती, पण सैन्याची बदनामी होता कामा नये अशी अट होती. ती अटही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये रद्द केली. भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये गुन्हा होता तो आपण खरंच सैनिक आहोत असं लोकांना भासवण्याच्या हेतूने गणवेश घालण्याचा. पडद्यावरच्या नटाचा तो हेतू नसतो.

सल्लागार नेमूनही चुका का राहतात?

सल्लागार कोटाचं साल सांगतो, पण मुख्य नटाच्या टोपीपुढे त्याचं चालत नाही. टोपीची सावली चेहऱ्यावर पडते, म्हणून नायक वाऱ्यापावसात बोडक्याने फिरतो. पुढच्या रांगेतल्या दहा जणांचे कपडे नवे शिवतात, मागच्या दोनशे जणांचे भाड्याने येतात आणि भाड्याच्या गोदामात जे असेल ते साल चालवून घ्यावं लागतं. शुभ्र पांढरं कापड कॅमेऱ्यात भगभगतं, म्हणून ते मुद्दाम किंचित मळकट रंगवतात. ही चूक म्हणू नये, ते तंत्र आहे. खरी नडते ती स्वस्त जर. धातूच्या तारेची जर समुद्राच्या हवेने काळवंडते. प्लास्टिकची शेवटच्या दृश्यापर्यंत चमकत राहते. निळ्याचंही तेच: नीळ वापरून रंगवलेलं लोकरीचं कापड उन्हात फिकं पडतं, पण चित्रपटातले कोट तीन वर्षांच्या सफरीनंतरही नवेकोरे असतात.

जुनी व्यक्तिचित्रं पाहून गणवेश पडताळता येतो का?

येतो, पण चित्राची तारीख आणि गणवेशाची तारीख एकच असेल असं धरून चालू नका. रिगो या चित्रकाराने तरुण नेल्सनचं चित्र १७७७ मध्ये सुरू केलं तेव्हा तो लेफ्टनंट होता. चित्र अर्धवट राहिलं. १७८१ मध्ये ते पुरं झालं, तोवर नेल्सन कप्तान झाला होता, म्हणून अंगावर कप्तानाचा गणवेश रंगवला गेला. शिवाय चित्रासाठी लोक समारंभाच्या कपड्यांतच बसत, त्यामुळे रोजचा कोट चित्रांत कमी सापडतो. संग्रहालयातले प्रत्यक्ष कपडे आणि त्या त्या सालचे छापील नियम यांच्याशी चित्र ताडून पाहावं. तिन्ही जुळले तर पुढे जावं, न जुळले तर आधी चित्रावर संशय घ्यावा.